आपल्या फाटकासमोरचा फुटपाथ



आपल्या शाळेत सातवीच्या वर्गात एक विद्यार्थी व्हीलचेअरवर येतो. घर जवळच, याच मोहल्ल्यात. त्याची आई त्याला रोज घेऊन येते. शाळा ७ वाजून २० मिनिटांनी भरते, पण ही मायलेकं पावणेसातलाच फाटकाशी हजर असत. दुपारी शाळा १२.४० ला सुटते, आणि ती दोघं एक वाजून गेल्यावर निघत. मधला वेळ मुलगा शिपाईमामांच्या खोलीबाहेर बसून गृहपाठ करी. आम्हाला या शिस्तीचे फार कौतुक वाटायचे. एका पालकसभेत आम्ही नाव न घेता उदाहरणही दिले की काही पालक अर्धा तास आधी येऊन उभे राहतात आणि काहींना घंटा झाल्यावर जाग येते.

सभा संपल्यावर त्या माउली आमच्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, आम्ही हौसेने लवकर येत नाही हो. सात वाजले की फुटपाथवर गाड्या लागतात, मग खुर्ची निघत नाही. सुटतानासुद्धा सगळ्यांच्या गाड्या निघेपर्यंत थांबावं लागतं."

आम्ही या शाळेत इतकी वर्षे आहोत. रोज त्याच फाटकातून आत येतो. हे आम्हाला दिसले नव्हते. म्हणून या अंकात परीक्षेच्या सूचना आणि सहलीचा वृत्तांत यांच्या जोडीला हा विषय घेत आहोत. तो वाटतो तितका लहान नाही.

प्रथम आम्ही नववीच्या मुलांना टेप घेऊन बाहेर पाठवले. आपल्या गल्लीतल्या फुटपाथची रुंदी भरली १ मीटर ८० सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात निवासी भागात चालण्यासाठी किमान एवढी मोकळी रुंदी असावी असे सांगितले आहे. म्हणजे नगर निगमने या बाबतीत काम मापाने केले आहे. आता स्कूटर मोजू. आपल्याकडे जी स्कूटर सर्वांत जास्त दिसते तिची लांबी साधारण १ मीटर ८० सेंटिमीटर, आणि हँडलजवळची रुंदी ७० सेंटिमीटर. आडवी लावली की फुटपाथ तिथेच संपला. भिंतीला धरून लांबीत लावली तर १ मीटर १० सेंटिमीटर उरतात. व्हीलचेअर स्वतः ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, चाक फिरवणाऱ्या हातांच्या कोपरांना दोन्ही बाजूंनी थोडी जागा लागते, तेव्हा ९० सेंटिमीटर धरून चालावे. म्हणजे एका ओळीत नीट लावलेल्या गाड्यांमधून खुर्ची कशीबशी जाईल. पण समोरच्या कडेला दुसरी ओळ लागली की हिशेब ४० सेंटिमीटरवर येतो. तेवढ्यातून दप्तर घेतलेला पाचवीचा मुलगा आडवा होऊन जातो. खुर्ची आडवी होत नाही.

"मग थोडं खाली उतरून रस्त्याने जावं," असे आम्हालाही वाटले होते. इथे गणिताचा दुसरा भाग येतो. आपल्या फुटपाथची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटर उंच आहे. व्हीलचेअरसाठी जो उतार लागतो तो एकास बारा या प्रमाणात हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर उतरायला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प. असा उतार आपल्या गल्लीत फक्त दोन टोकांना आहे. मध्ये कुठे वाट अडली तर खुर्ची कडेवरून खाली ढकलता येत नाही. तिची पुढची चाके लहान असतात, ती खाली गेली की बसलेला माणूस तोंडावर पडतो. तेव्हा परत मागे जायचे. पण खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते, आणि फुटपाथवर गाड्या असताना ते मिळत नाही. मग ती माउली मुलाला पाठमोरी ओढत, मान वळवून बघत, गल्लीच्या तोंडापर्यंत नेते. कधी कधी तेवढ्यात मागेही दोन गाड्या लागलेल्या असतात.

आणि समजा रस्त्यावर आलेच. खुर्चीत बसलेल्या मुलाचे डोके मोटारीच्या बोनेटपेक्षा फारसे वर नसते. उभ्या मोटारीआडून तो पुढे आला तर येणाऱ्याला दिसत नाही, आणि मागे गाडी घेणाऱ्याला तर नाहीच नाही. हल्ली विजेवरच्या स्कूटरी आवाज न करता येतात. शाळा सुटण्याच्या वेळी आपल्या गल्लीत काय चाललेले असते ते आम्ही सांगायला नको.

याच गल्लीत एक निवृत्त संगीत शिक्षक राहतात. ते पूर्ण दृष्टिहीन आहेत. गणेशोत्सवात आपल्या मुलांच्या गाण्यांना तेच पेटीवर साथ करतात, त्यामुळे बहुतेकांना माहीत असतील. फुटपाथवरच्या गाड्यांमुळे त्यांना नेमके काय होते हे आम्ही त्यांच्याकडे जाऊन विचारले. त्यांनी आम्हाला पांढरी काठी हातात देऊन डोळे मिटायला लावले.

काठी जमिनीलगत, खांद्याएवढ्या रुंदीत, डावी-उजवीकडे फिरते आणि एक पाऊल पुढची खबर देते. पायरी, खड्डा, भिंत, खांब तिला कळतात. उभी मोटारसायकल मात्र तिला नीट कळत नाही, कारण काठी दोन चाकांच्या मधून, पोटाखालून निघून जाते आणि हँडल किंवा आरसा छातीला लागतो. टेम्पोच्या मागच्या फळीचेही तेच. नुकतीच उभी केलेली गाडी असेल तर सायलेन्सर पोटरीला भाजतो. त्यांच्या पायावर तसा डाग आहे. ते म्हणाले, "भिंत मला पाठ आहे, सर. खांब पाठ आहेत, निंबाचं झाड पाठ आहे. गाडी रोज नवीन असते." सकाळचे दूध आणायला ते पूर्वी स्वतः जात. आता शेजारचा मुलगा आणून देतो. त्यांना त्याचे वाईट वाटते. दूध मिळत नाही असे नाही, पण सकाळी त्या दुकानापाशी चार ओळखीची माणसे भेटत, ते बंद झाले.

मोठ्या रस्त्यांच्या फुटपाथवर पिवळ्या खडबडीत फरश्या बसवलेल्या असतात, त्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. पुष्कळांना ती सजावट वाटते. त्यांची कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची, आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब उभ्या रेघांची फरशी म्हणजे सरळ चला. गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढे रस्ता, पायरी किंवा वळण आहे. रंग पिवळा अशासाठी की ज्यांना थोडेसे दिसते त्यांनाही ती पट्टी ओळखता यावी. तळपायाने वाचायची ही लिपीच आहे. त्या पट्टीवर गाडी उभी केली तर ज्या खुणेवर विश्वास ठेवून माणूस चालतो तीच त्याला गाडीवर नेऊन आदळते. पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा त्या फरशीवर काय काय उभे असते ते पाहा.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के लोक अपंग नोंदले गेले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. विकलांग हा शब्द जाऊन दिव्यांग आला. रस्त्यावर ही माणसे इतकी कमी का दिसतात, हा प्रश्न मुलांनी विचारला होता. त्याचे एक उत्तर आपल्या गल्लीतच आहे. ती आहेत, पण बाहेर पडत नाहीत.

आता लोक असे का करतात? ज्यांच्याशी बोलायचे त्यांची बाजू आधी समजून घेतलेली बरी. इंदौरचे आपले जुने मोहल्ले ज्या काळात वसले तेव्हा वाड्यात सायकल ठेवायला जागा होती, कुठे कुठे टांग्यालाही होती. आज त्याच वाड्यात चार बिऱ्हाडे आणि सहा स्कूटरी आहेत. घरासमोरचा ओटला पुढे सरकत आलेला. रस्त्यावर गाडी लावली तर क्रेन उचलून नेईल ही भीती, म्हणून फुटपाथ सुरक्षित वाटतो. शिवाय फुटपाथवर चालणारे तसेही कमी, कारण त्यावर कुठे विजेचा खांब, कुठे गुमटी, कुठे कोणाच्या बांधकामाची रेती-गिट्टी. कोणी चालत नाही म्हणून गाडी लावतात, आणि गाड्या लागतात म्हणून कोणी चालत नाही. जपानमध्ये १९६२ साली कायदा झाला की मोटार ठेवायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय तिची नोंदणी होणार नाही. आपल्याकडे गाडी आधी घरी येते आणि जागेचा विचार त्या संध्याकाळी होतो. पेढे वाटून झाल्यावर.

आणि सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे, "दो मिनट की तो बात है, भिया." हे खोटेही नसते. एक गाडी खरोखर पाच मिनिटेच उभी राहते. पण ती निघाली की दुसरी लागते, तीही पाच मिनिटांसाठी. प्रत्येकाने पाचच मिनिटे घेतली आणि वाट पाऊण तास बंद राहिली.

दुकानदारांकडे बोट दाखवण्याआधी आपला हिशेब देऊन टाकू. सकाळी सात ते साडेसात आणि दुपारी साडेबारा ते एक या वेळात त्या फुटपाथवर ज्या गाड्या असतात, त्या आपल्या शाळेच्या पालकांच्या असतात. काही शिक्षकांच्या असतात. आमची स्वतःची स्कूटर कित्येक वर्षे निंबाच्या झाडाखाली, फुटपाथवर, सावलीत उभी असे. उन्हाळ्यात सीट तापत नाही म्हणून. पेटीवाल्या मास्तरांनी "निंबाचं झाड पाठ आहे" म्हटले तेव्हा आम्ही गप्प बसलो.

शाळेच्या सभागृहाला रॅम्प आहे. तो बांधला तेव्हा या पत्रिकेत त्याचा फोटो छापला होता. गेल्या स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी त्या रॅम्पवर सात मोटारसायकली होत्या, कारण चढवायला तो सोपा पडतो. दोन आजोबांना खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून आत न्यावे लागले आणि सगळ्यांनी उचलणाऱ्या तरुणांचे कौतुक केले. त्यातले एक आजोबा नंतर म्हणाले की पुढच्या वर्षी येणार नाही. पोत्यासारखे उचलून घेणे कोणालाच आवडत नाही. आपल्या उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपाचे खांब कुठे रोवले जातात, तेही विश्वस्त मंडळींना ठाऊक आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण पालकांमध्ये याबद्दल गैरसमज आहे. "फुटपाथवर लावली तर चालते, रस्ता तर अडत नाही ना," असे आम्हाला एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगितले. चालत नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांत फुटपाथवर, तसेच शाळा व रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ गाडी उभी करायला मनाई होती. २०१७ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, त्यांतही फुटपाथवरची मनाई कायम आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना अडथळा किंवा त्रास होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही, आणि कलम १२७ प्रमाणे पोलीस ती उचलून नेऊ शकतात व खर्च मालकाकडून घेऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत आहे. जागेवरच्या चालानाची रक्कम राज्यागणिक वेगळी असते. सार्वजनिक वाट अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली वेगळा गुन्हाही आहे, त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कोइंबतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी रस्ते-अपघातांबाबत २०१२ साली केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले की फुटपाथ मिळणे हा पादचाऱ्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात येतो, आणि हे फुटपाथ अपंग व्यक्तींना वापरता येतील असेच असले पाहिजेत.

विश्वस्त मंडळींचे विशेष लक्ष आम्ही दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ च्या कलम १६ कडे वेधू इच्छितो. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने आपली इमारत व परिसर अपंग विद्यार्थ्यांना वापरण्याजोगा ठेवावा, असे ते सांगते. रॅम्पवर मोटारसायकली लावू देणे त्यात बसत नाही. याच कायद्यात 'अडथळा' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात बांधकामाबरोबर माणसांची मनोवृत्तीही धरलेली आहे. हे वाचून आम्हाला आमचे पालकसभेतले भाषण आठवले.

आता उपाय. सगळ्यांना पहिला सुचतो तो म्हणजे फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब ठोकणे. आमच्या सभेतही तोच आला, एका पालकांनी खर्च देण्याची तयारीही दाखवली. विचार करता लक्षात आले की खांबांनी मोटारी थांबतात, दुचाकी थांबत नाहीत. व्हीलचेअर जायला दोन खांबांत किमान ९० सेंटिमीटर ठेवावेच लागतात, आणि स्कूटर ७० सेंटिमीटरची. जिथून खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाईलच. काही बागांच्या आणि रेल्वे-फाटकांच्या तोंडाशी नागमोडी आडकाठी किंवा फिरती चक्री लावतात. त्याने स्कूटर थांबते खरी, पण खुर्चीही थांबते. म्हणजे ज्याच्यासाठी केले त्यालाच बाहेर ठेवले. आपल्या गल्लीचा त्रास मुख्यतः दुचाकींचा आहे, त्यामुळे लोखंडाने तो सुटणार नाही. गाडी लावणाऱ्याशी बोलावेच लागेल, आणि त्याला दुसरी जागा दाखवावी लागेल.

बोलण्याबद्दल आमचा अनुभव असा. "दिसत नाही का, फुटपाथ आहे!" म्हटले की समोरचा आधी आपला स्वाभिमान सांभाळतो, गाडी मग. तेच, "काका, या वाटेने एका मुलाची व्हीलचेअर येते, गाडी जरा आत घ्याल का?" म्हटले तर दहांतले बहुतेक लोक काही न बोलता गाडी काढतात. पुष्कळांना खरोखर कल्पनाच नसते, जशी आम्हाला नव्हती. जो रोज लावतो त्याच्याशी गर्दीच्या वेळी बोलू नये. संध्याकाळी, निवांत, त्याच्या दुकानात किंवा ओटल्यावर बसून बोलावे. आणि बोलायला त्या माउलींना किंवा मास्तरांना पुढे करू नये. त्यांना त्याच गल्लीत रोज राहायचे आहे. शेजाऱ्यांशी वैर त्यांच्या वाट्याला कशाला?

विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगणे आहे की अनोळखी माणसाशी तुम्ही वाद घालायचा नाही. चाकातली हवा काढायची नाही, गाडीवर ओरखडे काढायचे नाहीत, चिठ्ठीत काही लिहून चिकटवायचे नाही. आठवीतल्या दोघांनी एका मोटारीची हवा काढली होती. ती मोटार मग संध्याकाळपर्यंत फुटपाथवरच राहिली, हे त्यांनी पाहिलेच. तुमची स्वतःची सायकल मात्र तुमच्या हातात आहे. आणि मित्राची खुर्ची ढकलायची असेल तर आधी त्याला विचारा. मागून येऊन एकदम ढकलू नका, ती त्याला धक्का बसण्यासारखी गोष्ट आहे.

बोलूनही ऐकत नाहीत तेव्हा तक्रार. एका गाडीची तक्रार केली तर ती गाडी जाते, दुसरी येते. जागेची तक्रार करावी. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, एकाच ठिकाणचे, वेळेसह फोटो घ्यावेत. फोटोत गाडीचा नंबर आणि फुटपाथची पूर्ण रुंदी दोन्ही दिसली पाहिजेत, नाहीतर नुसती गाडी दिसते, अडथळा दिसत नाही. नगर निगमच्या 'इंदौर ३११' ॲपवर तक्रार टाकता येते. उभ्या गाड्यांसाठी यातायात पोलीस. कुठेच दाद लागली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१, आणि अपंगांच्या बाबतीत राज्याच्या निःशक्तजन आयुक्तांकडे अर्ज करता येतो. झोन कार्यालयात लेखी आवेदन द्याल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पावती अवश्य घ्यावी. आम्ही पहिल्या वेळी घेतली नाही. महिन्याने गेलो तेव्हा आवेदन कोणाला सापडेना, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागले. आवेदनात काय मागायचे तेही नेमके लिहावे. "योग्य कारवाई करावी" लिहिल्याने काही होत नाही. आम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत: गल्लीच्या मध्यावर एक उतार, आणि रॅम्पच्या दोन्ही तोंडांशी पिवळे आडवे पट्टे.

शाळेने आपल्याकडून काय केले? मैदानाचा दक्षिणेकडचा भाग सकाळी व दुपारी वीस-वीस मिनिटे पालकांच्या दुचाकींसाठी उघडला. याला विश्वस्तांपैकी काहींचा विरोध होता, आणि तो अवास्तव नव्हता. मैदानावर मुले असतात, गाडी आत आली की धोका आत येतो. म्हणून तिथे दोर बांधला, गाडी ढकलतच आत आणायची असे ठरले, आणि दोन शिक्षक आळीपाळीने उभे राहतात. पहिली ते पाचवीचे वर्ग आता १२.२० ला सोडतो, त्यामुळे गर्दी दोन भागांत वाटली जाते. रॅम्पसमोर कुंड्या ठेवाव्यात अशी सूचना आली होती. ती आम्ही नाकारली, कारण कुंडीही वाट अडवते. त्याऐवजी कार्यक्रमाच्या दिवशी रॅम्पपाशी एक स्वयंसेवक उभा राहतो. आमची स्कूटर उन्हात असते.

पहिला आठवडा बरा गेला, दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि मैदानात चिखल झाल्याबरोबर सगळ्या गाड्या परत फुटपाथवर. तेव्हा फार वाईट वाटले. मग दोन पालकांनी स्वखर्चाने तेवढ्या भागात गिट्टी आणि चुरी टाकून दिली. कोपऱ्यावरच्या दुकानदारांशी दोनदा बसून बोललो. एकाने आपल्या ग्राहकांसाठी समोरच्या मोकळ्या प्लॉटची सोय करून घेतली. दुसरे अजून म्हणतात की ग्राहक ऐकत नाही, आणि त्यांचा माल उतरवणारा टेम्पो सकाळी सव्वासातला फुटपाथवरच चढतो. झोन कार्यालयाने उताराची जागा पाहून मोजमाप नेले आहे, काम अजून सुरू झालेले नाही.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रस्ताव येतील. मैदानाच्या त्या पट्ट्यावर पक्की फरशी, आणि उत्सवाचा मंडप फुटपाथ सोडून आत घेणे. दुसऱ्याला विरोध होईल याची आम्हाला कल्पना आहे. नववीची मुले येत्या शनिवारी मंडपाची जागा टेपने मोजणार आहेत. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी ११ वाजता फाटकाशी यावे.

सातवीतला तो विद्यार्थी गेले काही दिवस सात वाजून दहा मिनिटांनी येतो आणि घंटेनंतर इतरांबरोबर घरी जातो. गुरुवारी मात्र टेम्पो उभा होता, त्या दिवशी त्याचा पहिला तास बुडाला. मास्तरांना आम्ही सांगितले की वाट आता बरीच मोकळी असते. ते म्हणाले, "आणखी महिनाभर बघतो."